कावळा परत शिवला

आमच्या आईचे गुडघे सोयीने दुखतात. नको असलेल्या लग्नाला जायचं असलं की दुखायला लागतात आणि भजनाला जायचं असलं की आपोआप बरे होतात. त्यामुळे त्या शनिवारी मी अमरावतीहून अकोल्याला पोचले आणि देवघरात आईऐवजी वहिनी फुलं वाहताना दिसली, तेव्हा मला फारसं काही वाटलं नाही. "खाली बसताच नाई येत बाप्पा," आई पलंगावरून म्हणाली. मी बरं म्हटलं आणि चहा घेतला.

पण संध्याकाळी तुळशीलाही वहिनीनेच पाणी घातलं. तुळशीला पाणी उभ्याने घालतात, त्याला गुडघे वाकवावे लागत नाहीत. जेवताना आईला लोणचं हवं होतं, बरणी हाताशी होती, तरी ती वहिनीने वाढायची वाट पाहत बसली. तिची रोजची पोथी लाल फडक्यात बांधून फळीवर ठेवलेली होती, आणि पोथी तर ती खुर्चीवर बसून वाचते. मी शाळेत गणित शिकवते. एक कारण सगळ्या उदाहरणांना लागू पडत नसेल तर कारण चुकलं, असं मी पोरांना वर्षभर सांगत असते.

देव, तुळस, लोणचं आणि पोथी एकदम सुटलेली मी लहानपणी दर महिन्याला पाहिली होती. तेव्हा आम्ही बाळापूरजवळ राहायचो, आमचा भाजीचा मळा होता. आई चार दिवस मागच्या पडवीत बसायची आणि का म्हणून विचारलं की सांगायची, कावळा शिवला. मळ्यात कावळ्यांना तोटा नव्हता. एकदा मी सबंध दुपार ढेकळं मारून कावळे हाकलत बसले होते, म्हणजे तरी आई आत येईल आणि मला भाकर करून देईल. पुढे खरं काय ते कळलं तेव्हा मला आईपेक्षा त्या कावळ्यांचीच जास्त कीव आली.

आता आई साठीच्या पुढे आहे. तिची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली. गेली तेव्हा "सुटली बाप्पा एकदाची" म्हणून तिने आठवडाभर एकही सण नसताना पुरणापासून सगळं केलं होतं.

वहिनी भांडी घासायला गेल्यावर मी आईजवळ बसले आणि सरळ विचारलं. आधी तिने गुडघ्यांवर नेलं, मग हवेवर नेलं, आणि शेवटी तोंडावर पदर धरून खुदकन हसली.

"कावळा परत शिवला," ती म्हणाली. "आता तिसरी खेप आहे."

"तिसरी? अन् सांगितलं काहून नाही?"

"काय सांगाचं त्यात? उष्णता आहे. सब्जा पिऊन राह्यली, गुलकंद खाऊन राह्यली. जाईन निघून." मग ती आणखी हसली. "मोठीले नव्हतं झालं असंच?"

मोठी म्हणजे तिची थोरली बहीण, आमची बाळापूरची मावशी. ते मला आठवत होतं. तिच्याच अंगणातल्या एका हळदीला मावशी मांडवाच्या कडेला उभी राहिली, नवरीला हळद लावायला पुढे येईना. का ते बायकांना कळलं आणि मग जो हशा पिकला! बुढीले जवानी चढली, म्हाताऱ्या कावळ्यानं म्हातारीले धरलं, काय काय बोलल्या. मावशीही हसत होती. आईने तर तिला चिमटेसुद्धा काढले होते. त्यानंतर मावशी फार काळ राहिली नाही. पोटाच्या कसल्याशा दुखण्याने गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. या दोन गोष्टी घरात कोणी कधी एकत्र बोललं नव्हतं. मीही तोवर त्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या.

मी म्हटलं, सोमवारी डॉक्टरकडे जायचं. आई म्हणाली, या अवस्थेत कोणी डॉक्टरकडे जात नाही, चार दिवसांचं काम आहे. मी म्हटलं, विटाळ-बिटाळ काही नसतं. ती म्हणाली, तुले नसन. हे भांडण आमच्यात मी कॉलेजात असल्यापासून चालू आहे आणि त्यात मी एकदाही जिंकलेले नाही. अर्धा तास बोलून माझाच घसा बसला. पालथ्या घड्यावर पाणी.

"ताई, मी सांगून थकली," दुसऱ्या दिवशी वहिनी मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली. "तुमच्या भावाले तं माहीत बी नाई. आईनं शपथ घातली."

परतीच्या बसमध्ये मी मोबाईल उघडून यावरचे व्हिडिओ लावले. एकाने म्हटलं, घाबरण्यासारखं काही नाही. दुसऱ्याने कसला तरी काढा सांगितला. एक बाई हसत हसत सांगत होती की पाळी परत येणं हे शरीर आतून तरुण होत असल्याचं लक्षण आहे. पुढच्याने इतकं भयंकर सांगितलं की मी आवाज बंद केला, तर खाली त्याच्याच दवाखान्याचा नंबर. मूर्तिजापूर येईपर्यंत आई माझ्या लेखी दोनदा खडखडीत बरी झाली होती आणि दोनदा गेली होती. शिवाय मोबाईलमधलं काही दाखवून आईपुढे उपयोगही नव्हता. त्यातलाच कुठला तरी पाला गुडघ्याला बांधून तिच्या पायावर फोड आले होते, तेव्हापासून "त्याच्यात कोनीबी बोलते" हे तिचं मत कायम आहे. छापलेलं मात्र ती मानते. छापलं म्हणजे कोणीतरी विचार करून छापलं असेल, असा तिचा समज आहे. पेपरातलं राशिभविष्यही त्यात आलं.

म्हणून मी वाचनालयात गेले. अमरावतीच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाची मी जुनी सभासद आहे, पण कथा-कादंबऱ्यांपलीकडे त्या कपाटांशी माझा संबंध नव्हता. देवघेवीच्या खिडकीत एक गृहस्थ बसले होते. मागे अभ्यासिका, तिथे स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी माना खाली घालून बसलेली. मी वर्गात साठ पोरांना गप्प करणारी बाई, पण तिथे माझा आवाज आपोआप खाली गेला.

"रजोनिवृत्तीवर काही आहे का?" मी पुटपुटले.

"आहे ना मॅडम," ते लगेच उठले आणि आतून एक भलंमोठं पुस्तक घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं, रजा व निवृत्तिवेतन नियम. "तुमच्या शाळेतल्या सगळ्यायलेच लागते हे. किती वर्ष राह्यले तुमचे?"

ते पुस्तक घेऊन मी खरंच टेबलाशी जाऊन बसले आणि अर्जित रजेची दोन पानं वाचलीसुद्धा. मग माझा मलाच राग आला. तिकडे आईच्या अंगावरून रक्त जातंय आणि इकडे मी शब्दाला लाजून अर्जित रजा वाचतेय. मी उठले, खिडकीशी गेले आणि वर्गातल्या आवाजात म्हटलं, "हे नको. बायकांची पाळी बंद होते ना, त्याचं पुस्तक पाहिजे."

अभ्यासिकेतल्या माना वर झाल्या. गृहस्थांचे कान लाल झाले. "मॅडम, असं सांगा ना मंग," ते म्हणाले आणि त्यांनी आतून ग्रंथपाल बाईंना हाक मारली.

ग्रंथपाल बाई माझ्याच वयाच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी कशासाठी, कोणासाठी असं काही विचारलं नाही. मला सरळ कपाटाशी नेलं. बायकांचं आरोग्य एका कोपऱ्यात होतं, वर लोणची-मुरंबे आणि खाली रांगोळी. त्यातली बहुतेक पुस्तकं गर्भारपणाची. गरोदरपणी काय खावं, काय ऐकावं, कोणत्या कुशीवर झोपावं, बाळाचं नाव काय ठेवावं. बाईचं शेवटचं बाळंतपण उरकलं की छापखान्याला तिची काही पडलेली नसावी असं ते कपाट पाहून वाटत होतं. मी तसं म्हटलंही. "मागितलं तं मागवतो आमी," बाई म्हणाल्या. "पण कोनी मागतच नाई. तुमच्यासारखं सगळे पुटपुटतात."

शोधून चार पुस्तकं निघाली. मी चारही घेऊन निघाले होते, तर त्यांनी थांबवलं. कोणत्या सालचं ते आधी पाहा, म्हणाल्या, औषधाच्या गोष्टी जुन्या होतात. लिहिणारा कोण आहे, डॉक्टर असेल तर कशाचा डॉक्टर, तेही पाहा. आणि शेवटी हे पाहा की डॉक्टरकडे कधी जायचं ते पुस्तक सांगतं का. सगळं घरीच बरं करून देणारं पुस्तक असेल तर ते मला नका मागू, मी देणार नाही. यात फार मोठं शहाणपण होतं असं नाही, भाजी घेतानाही मी एवढं पाहते. पण पुस्तक घेताना मी ते कधी पाहिलं नव्हतं, छापलेल्यावर माझाही आईइतकाच विश्वास असावा.

चारांतलं एक माझ्या जन्माआधीचं निघालं. दुसऱ्याचे लेखक सगळ्याच रोगांवर एकच चूर्ण देत होते, मूळव्याधीलाही तेच. उरलेली दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहिलेली होती, वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या सालची. मी ती दोन्ही तिथेच बसून वाचली. उदाहरणाचं उत्तर दोन रीतींनी काढून सारखं आलं की मी त्याला बरोबर म्हणते. दोन्हींचं उत्तर सारखं होतं. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर रक्त गेलं, तर ती पाळी परत आली असं समजू नये. थोडं असो की फार, एकदा असो की अनेकदा, डॉक्टरांना दाखवावं. बऱ्याचदा कारण साधं असतं. पण काही वेळा गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग असतो, आणि तो लवकर कळला तर बरा होण्याची शक्यता चांगली असते.

हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला आईसाठी भीती वाटत होती आणि मावशीचं वाईट वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी. मावशीची शेवटची महिना-दोन महिन्यांची अवस्था आठवली. आम्ही तिला मोसंबी न्यायचो.

त्यातलं सोपं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक मी नावावर घेतलं. वहिनीला फोन केला तर ती म्हणाली, अजून चालूच आहे, चार दिवस केव्हाच उलटले, आता न्हाणं कधी करावं हे आईलाच कळेना झालंय. शनिवारी शाळा सुटल्या सुटल्या मी अकोल्याची बस धरली.

आई मागच्या खोलीत होती. चेहरा उतरलेला. मी पुस्तक तिच्या हातात द्यायला गेले तर ती चटका बसल्यासारखी मागे सरकली.

"पुस्तकाले हात नाई लावत मी अशात. सरस्वती असते थे."

माझ्या तोंडावर आलं होतं, की हे पुस्तक याच गोष्टीचं आहे. त्यात विटाळ कसला लागतो? पण मागच्या शनिवारचा घसा अजून बसलेलाच होता. मी म्हटलं, "बरं, तू नको लावू हात. मी वाचते, तू ऐक."

मी दाराशी स्टुलावर बसले, ती खिडकीखाली. तिने सवयीने डोक्यावर पदर घेतला, पोथी ऐकताना घेते तसा. वहिनी कणकेच्या हातानेच चौकटीशी येऊन उभी राहिली. मी ते पान वाचलं. पुस्तकी मराठी होतं, म्हणून मध्ये मध्ये आमच्या बोलीत सांगत गेले. पाळी थांबून वर्ष उलटल्याचं वाक्य आलं तेव्हा आईने हात वर केला.

"थांब. परत वाच."

मी परत वाचलं.

"म्हंजे हे पाळी नोहे?"

"नोहे."

"असं छापलं आहे?"

"छापलं आहे. दोन पुस्तकांत. दोन्ही डॉक्टरांनी लिहिली."

आईने डोक्यावरचा पदर मागे सारला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत भीती नव्हती, चक्क राग होता.

"पाळी नोहे, तं मंग इटाळ कायचा?"

मी वर्षानुवर्षं फळ्यावर सिद्धता लिहीत आले आहे. इतकी छोटी आणि इतकी बिनतोड सिद्धता मी पाहिली नव्हती. वहिनी म्हणाली, "खरंच तं हो आई."

"इतले दिवस माह्या देवाले मी हात नाई लावला," आई उठता उठता म्हणाली. "तुळस वाळवून टाकली या पोरीनं. लोनचं मागून मागून खाल्लं. अन् इटाळच नव्हता! फुकट!" गुडघ्यांची एकदाही आठवण न काढता ती न्हाणीघरात गेली. न्हाऊन आली, देवापुढे दिवा लावला, फळीवरची पोथी काढून डोक्याला लावली. मग कुंकवाचं बोट पुसत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"हं, चाल. कोन्त्या डाक्टरकडं जाचं आहे?"

सोमवारी मी रजा टाकली. ती त्या जाड पुस्तकातल्या कोणत्या नियमात बसते हे मला अजून माहीत नाही. अकोल्याच्याच एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, आतल्या अस्तराचा तुकडा काढून तपासायला पाठवला. किती दिवसांपासून जातंय असं विचारलं तेव्हा आईने तिन्ही खेपा न लाजता सांगितल्या, तिथीसकट. विटाळ धरायचा म्हणून तिने हिशेब चोख ठेवलेला होता.

तुकड्याचा निकाल यायला काही दिवस गेले. ते दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही, वर्गात पोरांनी फळ्यावरच्या माझ्या चुका काढल्या. निकाल आला आणि जे नको होतं तेच निघालं. पण डॉक्टर बाई म्हणाल्या, अगदी सुरुवात आहे, अस्तरातच आहे, पिशवी काढून टाकू. भावाला तेव्हा सांगितलं. तो पायरीवर बसून रडला आणि मग आमच्यावरच चिडला. ऑपरेशन झालं. आई उठली, फिरायला लागली, दवाखान्यातल्या वरणाला नावं ठेवायला लागली. तपासण्या अजून ठरल्या वेळी असतात, त्या ती चुकवत नाही.

घरी आल्यावर एक दिवस तिने विचारलं, "थे पुस्तक?"

"उद्या परत करायचं आहे. मुदत दोनदा वाढवून घेतली."

"माह्यापाशी राहू दे," ती म्हणाली. आणि मग लगेच, "नाई, नाई. कर वापस. कपाटात नसलं तं दुसरीले कसं भेटन?"

मी वापस केलं. खिडकीतल्या त्या गृहस्थांनी शिक्का मारला आणि या वेळी निवृत्तीबद्दल काही विचारलं नाही.

हिवाळ्यात बाळापूरला मावशीच्या घरी बारसं होतं, तिच्या नातीच्या मुलाचं. आई बरी होऊन पहिल्यांदाच कुठे निघाली होती. अंगणात बायका जमल्या, पाळणा सजला, बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली. मावशीची धाकटी जाऊ, तीही आता म्हातारी, तेवढी बाजूला भिंतीला टेकून उभी. सगळ्या तिला बोलवत होत्या, घरातली मोठी तीच. ती हाताने नको नको करत होती. शेवटी तिच्या सुनेने कानात विचारलं, ऐकलं, आणि हसू दाबत सगळ्यांना सांगितलं, "आत्याबाईले कावळा शिवला म्हन्ते! या वयात!"

अंगण हसलं. तेच अंगण, बायकाही बऱ्याचशा त्याच. कोणीतरी म्हाताऱ्या कावळ्याचं सुरू केलंच.

"हसू नका वं," आई म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण तिचा आवाज असा काही निघाला की पाळण्याशी उभ्या असलेल्या पोरीही गप्प झाल्या. मी पुढे झाले तर तिने मला हाताने मागेच थांबवलं.

"मोठीले बी असंच झालं होतं, इथंच, या अंगनात. अन् हसनाऱ्यांत मी पयली होती." मग तिने पदराने डोळे पुसले आणि भिंतीशी गेली. "थो कावळा नोहे बाई. पाळी जाऊन इतले वर्ष झाल्यावर जे येते थे पाळी नोहे. मी पुस्तकातून आयकलं आहे."

म्हातारी गोंधळून तिच्याकडे, मग पाळण्याकडे पाहत राहिली.

"मंग मी पाळन्याले हात लावू?"

"लाव," आई म्हणाली. तिने तिचा हात धरून तिला पाळण्याशी आणलं. "अन् उद्या सकाळी माह्यासंग अकोल्याले चाल."